गळतीकाकांचं धुकं

"रविवारी दुपारच्या आत त्या सभागृहातला वास घालवला नाही, तर नाव बदलीन!" काकांनी भर जेवणात चमचा उंचावून जाहीर केलं.

चमच्यातलं बरंचसं टेबलावर सांडलं. काकूंनी ते पुसलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमचं नाव लोकांनी केव्हाच बदललंय."

ते खरंच होतं. त्यांना सारी गल्ली गळतीकाका म्हणायची. त्यांचं मूळ नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं आणि तोही पाकिटावर वाचून, "गळतीकाकांकडचे ना हे?" असं विचारून खात्री करून घ्यायचा.

घरामागच्या शेडमध्ये काकांची कंपनी होती. कंपनी म्हणजे काका, काकूंचा धाकटा भाऊ आणि एक यंत्र. यंत्र म्हणजे पिंपाएवढा पत्र्याचा डबा. आत तापलेली तबकडी, तिच्यावर थेंबथेंब पडणारं ग्लिसरीन आणि पाणी, मागे पंखा, पुढे नळी. या नळीतून पांढराशुभ्र, दाट, किंचित गोड वासाचा, कोणालाही न बाधणारा धूर निघायचा. जमिनीखालून, भिंतीआडून जाणाऱ्या पाइपाचं एक तोंड बोळ्याने बंद करायचं, दुसऱ्या तोंडातून धूर सोडायचा आणि कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. जिथून धूर डोकावेल तिथे गळती! धूर दिसला की गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा आणि काकांचा उजळायचा. शेडच्या दारावर काकांनी स्वतःच्या हाताने रंगवलं होतं : 'जिथे धूर, तिथे कसूर.' शेवटचं अक्षर जागा न उरल्यामुळे दाराच्या चौकटीवर गेलं होतं. दार उघडं असलं की नुसतंच 'कसू' दिसायचं.

आता या वेळी वास घालवण्याची एवढी निकड का, तर त्याचं कारण काकू.

गावातल्या नाट्यमंडळात काकू किती वर्षं होत्या, हे विचारू नये. पडदे त्यांनी शिवले, दाढ्यामिशा त्यांनी चिकटवल्या, तालमींचा चहा त्यांनी केला. पण स्टेजवर त्या कधी गेल्या नव्हत्या. म्हणजे गेल्या होत्या, पण झाडू घेऊन. यंदा मात्र नायकाची आत्या होणाऱ्या बाई ऐन वेळी मुलीकडे परगावी गेल्या, आणि काकूंना काम मिळालं! दुसऱ्या अंकात प्रवेश, एक लांबलचक भाषण, आणि भाषणाच्या शेवटी सगळ्यांना रडवायचं. तेव्हापासून काकांच्या घरात स्वयंपाक आत्याबाईच करत होत्या. काका कधी नायक व्हायचे, कधी नायिका, कधी नायकाचे वडील. काकूंचं तर सगळंच्या सगळं नाटक पाठ झालं होतं.

आणि नेमका तेव्हाच सभागृहाला वास यायला लागला! साधासुधा नाही, नाकात शिरून बिऱ्हाड थाटणारा. गेल्या महिन्याच्या गाण्याच्या कार्यक्रमाला लोक नाकाला रुमाल लावून बसले होते आणि गायकाला वाटलं, लोक रडताहेत. म्हणून त्याने तेच गाणं पुन्हा म्हटलं.

नाटकाचे दिग्दर्शक व्यवसायाने दातांचे डॉक्टर. समोरच्या माणसाचं तोंड उघडं असलं तरी त्याला उलट बोलता येत नाही, अशी त्यांना आयुष्यभराची सवय. त्यांनी तालमीत सांगून टाकलं, "रविवारी दुपारी मी सभागृहात येऊन वास घेणार. आला, तर संध्याकाळचा प्रयोग रद्द! माझ्या नाटकाला लोकांनी नाक धरून बसलेलं मला चालणार नाही."

त्या दिवशी काकू घरी आल्या आणि आत्याबाईंचं भाषण न म्हणता भांडी घासायला लागल्या. तेवढं काकांना पुरेसं होतं. म्हणूनच तो चमचा उंचावला गेला.

रविवारी सकाळीच काका आणि मेहुणा यंत्र घेऊन सभागृहात हजर झाले. मागच्या अंगणातून सांडपाण्याचा पाइप स्टेजखालून पलीकडच्या गटाराला जात होता. मेहुण्याने पलीकडे बोळा ठोकला. काकांनी अलीकडून नळी जोडली आणि बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं. दोघं कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

काही नाही.

"भावोजी, दिसतंय का कुठे?"

"नाही. तुला?"

"नाही."

"आणखी सोड."

मेहुण्याने आणखी सोडला. बाटली संपली, दुसरी लावली. काकांनी भिंती पाहिल्या, फरशी पाहिली, न्हाणीघरं पाहिली, एकदा गुडघ्यावर बसून खुर्च्यांखालूनही पाहून घेतलं. कुठे धुराचा एक धागा दिसेना! तिसरी बाटलीही यंत्राने पिऊन टाकली.

"आता सगळा साठा संपला," मेहुणा म्हणाला. "भावोजी, एवढा धूर गेला कुठे?"

"पाइपात आहे! जाणार कुठे? धूर नाही, म्हणजे गळती नाही. इतकी वर्षं काय शिकवलं तुला?"

"मग वास?"

काकांनी नाक वर करून हुंगलं. मेहुण्याने हुंगलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

वास नव्हता! होता तो एक मंद, गोडसर, पाकासारखा सुवास.

"गेला!" काका ओरडले. "धुराच्या दाबाने पाइपातली घाण पार वाहून गेली असणार!"

असं काही आजवर झालेलं नव्हतं. मेहुणा तसं म्हणणारही होता. पण तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी दारात, मधोमध आणि स्टेजजवळ असे तीन दीर्घ श्वास घेतले. काका विंगेत उभे राहून स्वतःचा श्वास धरून होते.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "हा तर मिठाईच्या दुकानासारखा वास येतोय! काय केलंत काय?"

"अनुभव," काका म्हणाले.

या एका शब्दाचा त्यांना पुढे फार त्रास झाला.

संध्याकाळी सभागृह भरलं. काका आणि मेहुणा तिसऱ्या रांगेत. त्यांच्या शेजारी काकूंची थोरली बहीण, जी खास यासाठी प्रवास करून आली होती आणि आल्यापासून "तिचं काम कधी आहे?" एवढंच विचारत होती. पडदा वर गेला. दिवाणखाना, सोफा, खिडकी, खिडकीबाहेर रंगवलेली नदी. नायकाचे वडील आत आले. हे काम बँकेच्या मॅनेजरांकडे होतं. मॅनेजर म्हणजे चांगलं भरभक्कम प्रकरण. ते चालले की फळ्यांना ते कळायचं.

"माझ्या घरात हे चालणार नाही!" म्हणून मॅनेजरांनी पाय आपटला.

आणि त्यांच्या बुटाभोवती फळ्यांच्या फटींतून एक छोटासा पांढरा ढग फुस्सदिशी वर आला.

काकांनी मेहुण्याचा हात धरला. मेहुण्याने आधीच त्यांचा धरलेला होता.

"भावोजी," मेहुणा कुजबुजला, "पाइप स्टेजखाली फुटलाय."

"दिसतंय मला."

"म्हणजे तीन बाटल्यांचा धूर..."

"हळू बोल!"

"...स्टेजखालच्या पोकळीत सकाळपासून पांघरूण घेऊन झोपलाय!"

तो आता जागा होत होता. मॅनेजर संतापाने येरझाऱ्या घालायला लागले आणि प्रत्येक पावलाला फुस्स, फुस्स! एखादी आगगाडी दिवाणखान्यात शंटिंग करतेय असं वाटावं. प्रेक्षकांत कोणीतरी म्हणालं, "काय पण राग आहे बघ बापाचा! जमिनीतून वाफ काढतोय!" आणि त्यांना टाळी पडली. मॅनेजरांना आजवर टाळी कधी पडली नव्हती. ते खूश झाले आणि पुस्तकात नसलेल्या दोन येरझाऱ्या जास्तीच्या घालून आले.

मध्यंतरात मेहुणा उठला. "चला, डॉक्टरांना सांगू."

"खाली बस!"

"भावोजी, अजून निम्म्याच्या वर धूर खाली आहे! दुसऱ्या अंकात सहा जण आहेत स्टेजवर. सहा जणांचे बारा पाय..."

"डॉक्टरांना सांगितलं तर ते काय करतील?"

"नाटक थांबवतील."

"आणि तुझ्या ताईचा प्रवेश केव्हा आहे?"

मेहुणा मटकन खाली बसला. काकांनी घाम पुसला. सांगावं तर बायकोचं पहिलं काम बुडतं. न सांगावं तर काय काय बुडेल याचा अंदाज नाही. सकाळचा तो 'अनुभव' त्यांच्या घशात अडकून बसला होता. शेजारून बहीण म्हणाली, "आता येईल ना ती?"

"येईल," काका म्हणाले. "येण्याआधी बाकीचं काही न येवो."

दुसरा अंक सुरू झाला, आणि इथे प्रॉम्प्टरची ओळख करून द्यायला हवी. स्टेजच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या एका खोबणीत निवृत्त पोस्टमास्तर पुस्तक घेऊन बसत. नायकाचं त्यांच्यावाचून पान हलत नसे. नायकाने मूळ नाटक कधी वाचलंच नव्हतं. खालून येईल ते तो वर म्हणायचा. पोस्टमास्तरांना पाठदुखी होती. खोबणीच्या मागच्या बाजूला स्टेजखाली जाणारं फळीचं छोटं दार होतं, आणि पाठ दुखायला लागली की ते त्या दारावर रेलत.

ते रेलले. दार उघडलं.

सकाळपासून कोंडलेला धूर पोस्टमास्तरांच्या खांद्यांवरून, काखांतून, कानांवरून असा बाहेर लोटला की जणू त्यांना पंखच फुटले! चष्मा पांढरा झाला. पुस्तक नाहीसं झालं.

"काही दिसत नाही!" पोस्टमास्तर घाबरून कुजबुजले.

"काही दिसत नाही!" नायक खिडकीकडे हात करून गरजला.

"अहो, पुस्तक दिसत नाही!"

"अहो, पुस्तक दिसत नाही!" नायक आर्त स्वरात नायिकेला म्हणाला.

नायिकेचं पुढचं वाक्य 'मग मी कुणाच्या आधाराने जगू?' असं होतं. ती गोंधळली आणि म्हणाली, "कोणतं पुस्तक?"

"थांब, चष्मा पुसतो!" खालून आवाज आला.

"थांब, चष्मा पुसतो!" नायक म्हणाला आणि चष्मा नसलेल्या डोळ्यांवर हात फिरवायला लागला.

तोवर धूर सोफ्याच्या पायांपर्यंत, मग बैठकीपर्यंत, मग टेकण्यापर्यंत चढला होता. बसलेली माणसं फक्त डोकी झाली होती. स्टेजच्या कडेवरून तो पहिल्या रांगेच्या मांडीवर उतरला आणि पहिल्या रांगेतून कोणीतरी किंचाळलं, "आग! आग!"

खुर्च्या करकरल्या. माणसं उठली. मागचा एकजण दाराकडे निघाला. काकाही उठले. त्यांना ओरडायचं होतं, 'आग नाही, नुसती गळती आहे!' पण तोंडातून हवाच निघेना. हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण होता, असं त्यांनी नंतर पुष्कळदा सांगितलं.

तेवढ्यात धुराच्या पोटातून एक खणखणीत आवाज आला.

"बसा सगळे! आग कसली? धुकं आहे! नदीवरून येताना माझ्या मागे मागे आलं, म्हटलं येऊ दे घरात!"

काकू होत्या! दिसत नव्हत्या, पण होत्या.

सगळं सभागृह खाली बसलं. स्टेजवरचे सहाजणही बसले. काका बसले. आणि मग असा हशा आणि अशी टाळी पडली की खोबणीतल्या पोस्टमास्तरांना वाटलं, नाटक संपलं. ते पुस्तक मिटून घरी निघाले.

त्यामुळे काही बिघडलं नाही. काकूंना सगळ्यांचं सगळं पाठ होतं ना! "काय रे, तू मला विचारणार होतास ना, की आत्या, तू इतकी वर्षं कुठे होतीस?" असं त्या नायकाला म्हणायच्या, आणि नायक कृतज्ञतेने विचारायचा, "आत्या, तू इतकी वर्षं कुठे होतीस?" अशी सगळ्यांची वाक्यं सगळ्यांना वाटत त्या आपल्या भाषणापाशी आल्या. काकांनी ते भाषण स्वयंपाकघरात इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांना ते झोपेतही म्हणता आलं असतं. पण ते कुठल्याशा पांढऱ्या पोकळीतून, बाईविना नुसता आवाज असं आलं तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. मागे कोणीतरी नाक शिंकरलं. वासामुळे नव्हे.

पडदा पडला तरी धूर पडद्याखालून येतच राहिला.

विंगेत काका मान खाली घालून डॉक्टरांसमोर उभे राहिले. "डॉक्टर, माझं चुकलं. मी सकाळी..."

"तोंड मिटा," डॉक्टर म्हणाले. ही आज्ञा त्यांच्या तोंडून फार क्वचित निघायची. "हे तुम्ही केलंत?"

"केलं म्हणजे झालं. पाइप फुटलाय खाली..."

"मला पाइप सांगू नका! पुढच्या नाटकात नदीकाठ आहे, पहाट आहे. मला हे धुकं पाहिजे. पण मी सांगेन तेव्हा यायला पाहिजे आणि मी सांगेन तेव्हा जायला पाहिजे! कराल?"

काका हो म्हणाले. दातांच्या डॉक्टरांना नाही कोण म्हणणार?

"आणि वहिनी," डॉक्टर काकूंकडे वळले, "नावाड्याची बायको तुम्ही करायची. सबंध नाटक तिच्यावर आहे."

काकूंनी लाजून पदर... छे, आत्याबाईंची शाल सारखी केली. सगळे अभिनंदन करत होते. इतक्यात थोरली बहीण वाट काढत आली आणि म्हणाली, "छान झालं गं नाटक! पण तू कधी आलीस?"

"अगं, ती आत्या मीच."

"तो आवाज? तो तुझा होता? मी आपली दारातून कोण येतंय ते बघत बसले!"

काकू हसल्या. पण घरी आल्यावर आरशासमोर बसून केसांतल्या पिना काढता काढता म्हणाल्या, "अहो, तुम्हाला दिसले का हो मी? थोडीतरी?"

"दिसलीस की," काका म्हणाले.

"काय दिसलं?"

काकांनी आठवून पाहिलं. "कोपर."

"चला," काकू म्हणाल्या, "कोपर तरी." आणि दिवा मालवला. पण काकांना कळलं. त्यांनी मनाशी ठरवलं की पुढच्या खेपेला धुकं येईल तर असं येईल, की हिचा चेहरा शेवटच्या रांगेलाही दिसला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टेजखाली जाऊन फुटलेला सांधा बदलला आणि वासाचं प्रकरण मिटवलं. ते काम चहाच्या आत झालं. खरी झटापट पुढे होती.

धूर काढायचा आणि तो दिसू द्यायचा, हेच मुळी त्या दोघांच्या हातांना मान्य होईना! काकांनी नवं यंत्र जोडलं : लहान डबा, छोटा पंप, एक ते पाच आकड्यांचं फिरतं बटण. बटण फिरवलं, नळीच्या तोंडातून झोकदार धूर निघाला, आणि मेहुणा चपळाईने धावला आणि नळीच्या तोंडात बोळा कोंबून मोकळा झाला.

"अरे, काय करतोस?"

"गळत होतं, भावोजी!"

"गळायलाच पाहिजे!"

"सॉरी. हात आपोआप गेला."

असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी काकांनीच बोळा कोंबला. मग दोघांनी दारावरची 'जिथे धूर, तिथे कसूर' ही अक्षरं खरवडून काढली, कारण ती समोर दिसत असताना निर्लज्जपणे धूर सोडवेना. शेजारचे शिंपी सुरुवातीला बादली घेऊन धावत यायचे, नंतर नुसतंच कुंपणावरून विचारायचे, "आज कितीवर आहे?"

काकू शेडमध्ये नावाड्याच्या बायकोचं काम पाठ करत आणि काका बटण फिरवत.

"दिसतेय का मी?"

"पाचवर नुसता आवाज आहेस."

"कमी करा."

"आता केस दिसताहेत. थांब, कपाळ आलं. दोनवर नाकापर्यंत आलीस."

"नाटकात तोंडही लागतं हो!"

शेवटी एकवर जमलं. एकवर धुकं गुडघ्यांशी घोटाळायचं आणि वर काकू संपूर्ण दिसायच्या. काकांनी त्या आकड्याभोवती लाल रंगाने गोल काढला. डॉक्टर येऊन पाहून गेले. नाटकाच्या जाहिरातीत त्यांनी छापलं : 'रंगमंचावर प्रत्यक्ष धुकं!' आणि खाली बारीक अक्षरांत कंपनीचं नाव. मेहुण्याने ते भिंगाखाली ठेवून पाहिलं आणि शेडमध्ये चिकटवलं.

प्रयोगाच्या संध्याकाळी मेहुणा दारावर तिकिटं फाडायला उभा होता. डॉक्टर पलीकडच्या विंगेत, काका अलीकडच्या विंगेत यंत्रावर हात ठेवून बसलेले. सूचना साधी होती. नावाड्याची बायको पाण्याकडे बघून म्हणते, 'बघा, धुकं उतरलं!' की बटण एकवर.

पडदा वर गेला आणि काकू आल्या.

काकांनी काकूंना घरात रोज पाहिलं होतं. पण उजेडात, इतक्या माणसांसमोर, इतक्या ऐटीत चालताना कधी पाहिलं नव्हतं. त्या वल्हं उचलत तेव्हा खरंच जड वाटायचं. त्या हसल्या की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत माणसं हसायची. काका यंत्राला टेकले. मग त्यांनी हनुवटीखाली हात घेतला. यंत्रावर ठेवलेला हात तोच होता, पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

काकू पुढे आल्या, पाण्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बघा, धुकं उतरलं!"

पलीकडच्या विंगेतून डॉक्टर हात हलवायला लागले. आधी एक, मग दोन्ही. मग त्यांनी उड्या मारायला सुरुवात केली. काकांना ते काही दिसलं नाही. ते बायकोकडे बघत होते.

आणि काकू? त्यांनी क्षणभर वाट पाहिली. मग त्यांनी समोरच्या रिकाम्या हवेत हात घातला, जसा थंड पाण्यात घालावा तसा. बोटं फिरवली, शाल घट्ट लपेटली आणि डोळे बारीक करून दूर कुठेतरी पाहू लागल्या. तिसऱ्या रांगेत थोरल्या बहिणीने स्वतःच्या खांद्यांवरून पदर ओढून घेतला. तिच्यामागच्या माणसाने कॉलर वर केली.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. डॉक्टर तावातावाने काकांपाशी आले. "धुकं कुठे होतं?"

काकांनी यंत्राकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"अहो," काकू धापा टाकत येऊन म्हणाल्या, "बटण?"

"अगं, तू दिसत होतीस ना," काका एवढंच म्हणाले.

काकूंनी शालीच्या टोकाने त्यांच्या हनुवटीवरचं ग्लिसरीन पुसलं. डॉक्टर मात्र बरंच काही बोलणार होते. पण तेवढ्यात दारातून एक उंच गृहस्थ लगबगीने आत आले. गावोगाव प्रयोग करणाऱ्या एका मोठ्या नाटकमंडळीचे ते व्यवस्थापक होते.

"डॉक्टर! काय ते धुकं!" त्यांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला. "आम्ही किती यंत्रं वापरली! सगळी नुसता धुराळा करतात, नटाचं तोंड दिसत नाही. आज पहिल्यांदा पाहिलं, की धुकं आहे आणि बाईही पूर्ण दिसतेय! इतकं तरल, की आहे की नाही हेच कळू नये! मला तर थंडी वाजली हो!"

डॉक्टरांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा त्या गृहस्थांकडे. मग जाकीट खाली ओढून म्हणाले, "हो. तसंच ठरवलं होतं आम्ही."

"हेच यंत्र मला पाहिजे. दोन द्या. पण अगदी असंच हं! एवढंसुद्धा जास्त दाट नको."

अशी त्या कंपनीची सुरुवात झाली. आता शेडच्या जागी पक्की इमारत आहे, आणि पत्रकात दोन प्रकारची यंत्रं आहेत. एक दाट धुक्याचं, जे जमिनीवरून लोटतं. दुसरं विरळ धुक्याचं, ज्यात उजेडाचे झोत तेवढे उठून दिसतात आणि माणूस झाकला जात नाही. पहिलं बनवायला त्यांना एक नाटक पुरलं. दुसऱ्यावर काका अजूनही काम करतात. ते मोठे व्यवस्थापक प्रत्येक नवं यंत्र बघून जातात, कौतुक करतात आणि जाताना हळूच म्हणतात, "छान आहे. पण त्या दिवशीची सर नाही."

परवा मेहुण्याचा धीर सुटला. समोर सुटी केलेली यंत्रं, हाताला ग्लिसरीन, कपाळाला ग्लिसरीन.

"भावोजी, सगळं करून पाहिलं. पंप लहान केला, थेंब बारीक केला, पंखा बदलला. तरी त्या दिवशीसारखं होत नाही. एकदा नीट आठवून सांगा बरं, त्या दिवशी बटण कितीवर होतं?"

काकांनी दाराकडे पाहिलं. काकू तालमीला गेल्या होत्या. जवळपास कोणी नव्हतं.

"एकदम कमीवर," ते म्हणाले.

"एकवर?"

काका खाली वाकून, नसलेला स्क्रू शोधायला लागले.

"त्याच्या जरा अलीकडे."